लवंग

कुदुसमध्ये, म्हणजे जावा बेटावरच्या आमच्या शहरात,
वारा पडला की कारखान्यांचा वास
दवाखान्याच्या पडद्यांत येऊन बसतो.
लवंग आणि तंबाखू.
नवीन आलेल्यांना तो गोड वाटतो.

मारवोतो, वय अठ्ठावन्न.
दिवसाला अकरा क्रेतेक
(लवंग जळताना तडतडते, त्यावरूनच पडलंय हे नाव).
खुर्चीत टेकताच म्हणाला,
"चाळीस वर्षं ओढतोय, डॉक्टरीणबाई,
ब्रशला रक्ताचा थेंब लागलेला नाही कधी."

आरसा आत घातला.
खरंच, रक्त नव्हतं.
धुराने बारीक शिरा आवळून धरलेल्या,
हिरडी फिकट, जाड, गप्प.
घरात चोर, आणि राखणीच्या कुत्र्याला मुसकी.
सळई हळूच कडेने सोडली.
तीन मिलिमीटर. पाच.
आठ.
इथे हाड असायला हवं होतं.
दाढ बोटाने हलली,
ओल्या मातीतल्या खुंटीसारखी.

काढली. फार जोर लागला नाही,
त्याचंच मला वाईट वाटलं.
मग दाताच्या कण्या करून सांगितलं:
निदान तीन दिवस झुरका नाही.
खड्ड्यात रक्ताची गुठळी बसलीय,
तेच आता झाकण, तीच खपली,
ओढलंस की उपसून येईल.
त्याने मान हलवली.
मान हलवणं त्याला छान जमतं.

चौथ्या दिवशी जबडा तळहातात धरून आला.
सोबत बायको, नगातियेम,
आणि मोटारसायकलवरून दोघांना आणणारा नातू, गालिह,
गळ्यात दोरीला लटकवलेली वाफेची नळी.
"आजोबांचा तो धूर," गालिह म्हणाला,
"माझी नुसती वाफ. आंबा, बर्फ घातलेला."

आलाच आहेस तर उघड म्हटलं तोंड.
आंब्याच्या नावानेच तोंडाला पाणी सुटावं,
तर याच्या तोंडात तीळ भिजायला ओल नाही.
जीभ टाळूला चिकटलेली,
सुटताना टक् वाजली.
हिरडीच्या कडेने दातांवर खडूसारखे डाग:
किडीने दार ठोठावलंय,
अजून आत आलेली नाही.
"वाफच ना पण?"
असेल बाबा वाफ. लाळ कुठाय तुझी?
हसला. एकोणीस वर्षांचे सगळे दात दाखवून हसला.

म्हाताऱ्याचा खड्डा रिकामा होता.
तळाशी उघडं हाड, राखाडी,
वाऱ्याची झुळूकही त्याला सुरीसारखी.
"दुसऱ्या रात्री," तो पुटपुटला, "एकच.
तीही अर्धी."

मी धुतलं. तपकिरी बाटली उघडली,
कापडाच्या पट्टीवर दोन थेंब.
कोपऱ्यात बसलेली नगातियेम उठून उभी राहिली.
एकतीस वर्षं ती क्रेतेक वळते,
सकाळी सहापासून, शेकड्यांवर शेकडे.
तिने हवा हुंगली,
मग स्वतःची बोटं.
"हे तर आमचंच."
हो, म्हटलं, लवंगेचं तेल.
पट्टी खड्ड्यात बसवली. मारवोतोचे खांदे
चार दिवसांत पहिल्यांदा खाली आले.
कोणीच काही बोललं नाही.

आरसा बाहेर काढताना गालाच्या आत,
क्रेतेक जिथे टेकते त्या कोपऱ्यापाशी, एक पांढरा चट्टा.
कापसाने पुसला. गेला नाही.
पुन्हा पुसला.
सेमारांगच्या मोठ्या इस्पितळाला चिठ्ठी लिहिली,
त्याला म्हटलं, एकदा तपासून घेऊ.
"घेऊ" मी मुद्दाम म्हणते,
म्हणजे पेशंटला एकटं वाटत नाही.
मला वाटतं, ते वाटतंच.

त्याने चिठ्ठीची घडी केली, पाकिटात खोचली,
पाकिटावर कुणाच्या तरी सडलेल्या तोंडाचं चित्र,
त्यावर अंगठा ठेवून.
नगातियेमने पाकीट काढून घेतलं.
चिठ्ठी पोलक्यात ठेवली.
उरल्या होत्या दोन. त्या तिने सवयीने चिमटीत फिरवून पाहिल्या,
घट्टपणा, डिंकाची कड,
आणि मला म्हणाली, मी विचारलं नव्हतं तरी,
"ह्या माझ्या हातच्या नाहीत."